तवा काहून हसला

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे, आणि त्यात कुणाच्या स्वभावाचा दोष नव्हता. बाहेरच्या खोलीत बाबांचा माग होता. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बाबा बसायचे. हातानं दोरी ओढली की धोटा सुतातून इकडचा तिकडे पळायचा आणि मागोमाग फणीचा ठोका पडायचा. नागपुरात, तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरी हेच चालायचं, त्यामुळे उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत सगळी गल्ली खटक-खटक करत असायची. नवीन पाहुण्याला वाटायचं, ही माणसं एकमेकांवर सारखी ओरडतात काय. आम्हाला मात्र त्या आवाजाची इतकी सवय, की तो थांबला तर आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "काय झालं जी?" आणि बाबा म्हणायचे, "तुटला." म्हणजे धागा तुटला. त्या दोघांचं दिवसभरातलं निम्मं बोलणं एवढंच असायचं. घरात सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास कायम भरलेला असे. शाळेत शेजारी बसणारी मुलगी एकदा म्हणाली, तुझ्या दप्तराला भाताच्या पेजेचा वास येतो. मला राग आला नाही, कारण मला तो वास आवडायचा. अजूनही कुणाच्या घरी साड्यांना खळ करत असतील तर मी काही निमित्त काढून जरा वेळ तिथे रेंगाळते.

माग एका माणसाचा नसतो, हे बाहेरच्यांना कळत नाही. विणायला बाबा बसत, पण त्यांच्या धोट्यात घालायला सुतानं भरलेल्या कांड्या लागत. बोटाएवढ्या नळीवर चरख्यानं सूत गुंडाळायचं, ती भरली की टोपलीत टाकायची आणि दुसरी घ्यायची. हे काम बायकांचं आणि पोरींचं. आई आणि मी ते करायचो. शाळेतून आले की दप्तर खुंटीला आणि मी चरख्यापाशी. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, त्यानं मागावर बसायला साफ नकार दिला आणि तो हिंगण्याला एका कारखान्यात लागला. कंपनीची बस चौकात यायची, तिचा भोंगा वाजला की दादा तोंडातला घास संपवत डबा घेऊन पळायचा. बाबा त्याला काही बोलले नाहीत. ते रागावले तरी बोलत नसत आणि खूश झाले तरी बोलत नसत. आम्ही त्यांचा मूड फणीच्या ठोक्यावरून ओळखायचो. पण दादा गेल्यापासून त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबायला लागली. मी शिकते याला त्यांचा विरोध नव्हता. मी शाळेत असले की टोपलीत कांड्या कमी पडतात, एवढं त्यांना दिसत होतं, आणि ते खरंच होतं.

आता माझ्या भीतीबद्दल. मी लहानपणापासून पक्की बडबडी. पुढे नोकरीही मला टेलिफोन खात्यात लागली, म्हणजे बोलण्याचाच पगार. पण त्या काळात माझ्यासमोर कोरा कागद ठेवला की मी मुकी होत असे. हाताला घाम सुटायचा, मनगटाला कागद चिकटायचा, आणि डोक्यात एक शब्द येत नसे. हे जन्मापासूनचं नव्हतं. सातवीत असताना बाईंनी 'आमच्या घरची सकाळ' असा निबंध दिला होता आणि मी मोठ्या हौसेनं लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं, की आईने भाकरी झाल्यावर तवा चुलीवरून उतरवला तेव्हा तवा हसला, म्हणून आम्हाला कळले की आज पाहुणे येणार. ज्यांनी चूल पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. उतरवलेल्या तव्याच्या बुडाला काजळीत बारीक बारीक ठिणग्या लुकलुकतात, पळतात, विझतात. त्याला आम्ही तवा हसला म्हणायचो. आमच्या मराठीच्या बाई धंतोलीच्या बंगल्यांकडून यायच्या, त्यांच्याकडे स्टोव्ह असावा. त्यांनी माझी वही हातात घेऊन ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "तवा कसा हसला गं? दात होते का त्याला?" सगळा वर्ग हसला. त्यातल्या निम्म्या मुली आमच्याच गल्लीबोळातल्या, त्यांच्याही घरचे तवे रोज हसत होते, पण त्याही हसल्या. बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांना गंमत वाटली, त्यांनी गंमत केली, आणि पुढच्या वहीकडे वळल्या. मी मात्र तिथेच राहिले.

त्यानंतर मी गाईडमधले निबंध पाठ करू लागले. गाईडमधल्या सकाळी पक्षी किलबिल करत आणि सूर्यनारायण रथात बसून येत. ते लिहिलं की कुणी हसत नसे. मॅट्रिकचं वर्ष येईपर्यंत हे निभलं. मग पहिल्याच चाचणीत असे विषय आले जे माझ्या गाईडात नव्हते, आणि मी निबंधाची दोन पानं कोरी ठेवून घरी आले. मराठीला अजून त्याच बाई होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, सहामाहीत मराठीत नापास झालीस तर शाळा बोर्डाचा फॉर्म भरू देणार नाही. हे मी रडत रडत घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. ते म्हणाले, "नाई भेटला फॉर्म तं नाई भेटला. चरखा कुठी पळून नाई चालला." बाबांनी एवढी वाक्यं सलग बोलावीत हेच भयंकर होतं. त्यातच आईच्या एका मावसभावानं कळमेश्वरचं एक स्थळ सुचवून ठेवलं होतं. पोरगा चांगला होता म्हणे. मला त्या पोराबद्दल काही म्हणायचं नव्हतं, मला फक्त मॅट्रिक व्हायचं होतं. त्यापलीकडे काय करायचं हे ठाऊक नव्हतं, पण आपण चरख्यापाशीच म्हाताऱ्या होऊ या विचारानं मला रात्री झोप लागत नसे.

दादाचं लग्न आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात झालं होतं. वहिनी रामटेककडच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. त्यांच्याबरोबर तांदळाचं पोतं आलं आणि हसणं आलं. सातवी शिकलेल्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या. बाबांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसत, आवाज तर निघतच नसे. पण बाबांची पाठ फिरली की त्या दुसऱ्याच कुणी होत. दुपारी भांडी आटोपली, आई सुतासाठी विणकरांच्या सोसायटीत गेली, की वहिनी दुसरा चरखा ओढून माझ्यासमोर बसायच्या. एका बाजूला फुटाण्याची वाटी, मधूनमधून एकमेकींना ढोसणं, आणि चरख्याची घरघर. मी त्यांना एके दिवशी तव्याची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं ती कुणाला सांगितली नव्हती. मला वाटलं त्याही हसतील. त्या हसल्या नाहीत, त्यांनी चरखा थांबवला.

"पण तवा हसते नं?" त्या म्हणाल्या.

"हसते."

"मंग बाईले काय झालं? ते जाऊ दे. तू मले हे सांग सुमन, त्या दिवशी तवा काहून हसला?"

"काहून म्हणजे? पाहुणे येणार होते म्हणून."

"ते तं आपण म्हणतो वं. तव्याले इचार. तव्याले कायचं हसू आलं?"

मी जरा विचार केला आणि म्हटलं, "पाहुणे येणार म्हटल्यावर आईनं त्यांच्यासाठी मोठी भाकर थापली आणि माझ्यासाठी एवढीशी चानकी केली. तव्यानं ते पाहिलं."

वहिनी इतक्या हसल्या की बाहेर मागाचा ठोका चुकला. त्यांनी तोंडात पदर कोंबला. मग सुताच्या गठ्ठ्याला गुंडाळून यायचा तो जाड पिवळट कागद फाडून माझ्यासमोर टाकला, दादाची पेन्सिल आणली आणि म्हणाल्या, "लिव."

मला पुन्हा तोच घाम. मी म्हटलं, "मले नाई येत लिहाले."

"तू कायले लिवतं? तवा सांगून राहिला नं. तू फक्त त्याचा हात हो. अन् लिवलं का मी वाचीन आणि चुलीत टाकीन. कोणाच्या बापाले दिसत नाई."

मी लिहिलं. चार-पाच ओळी असतील, अक्षर वेडंवाकडं. वहिनींनी अडखळत वाचलं, पुन्हा हसल्या, आणि खरोखरच कागदाची पुरचुंडी करून चुलीत टाकली. तिचा भडका होऊन चहाचं आधण उकळलं. तो चहा आम्ही दोघींनी प्यायला. मला आठवतं ते हे, की मला हलकं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. एवढ्याशा गोष्टीनं माणसाला बरं वाटू नये असं वाटत होतं.

मग रोजच सुरू झालं. वहिनींच्या डोक्यात कुठून काय यायचं देव जाणे. पाटा आणि वरवंटा यांचं भांडण झालं तर कोण कुणाला काय म्हणेल. गल्लीतला नळ आपल्या माहेरी गेला तर आईला काय गाऱ्हाणं सांगेल. दारामागची झाडणी उंबऱ्याबाहेर पडायला मिळालं तर आधी कुठे जाईल. कधी त्या नुसतं एक वाक्य देत, "लाटणं हरवलं त्या दिवशी," आणि पुढचं मी लिहायचं. अट एवढीच की खोडायचं नाही आणि आई सोसायटीतून यायच्या आत संपवायचं. सुरुवातीला मी गाईडची भाषा काढायची. "पहाटेची मंगल वेळ होती" असं लिहिलं की वहिनी म्हणायच्या, "हे कोण बोलून राहिलं? झाडणी असं बोलते का?" मग मी झाडणीसारखं लिहायचा प्रयत्न करायची. हल्ली माझ्या नातीच्या शाळेत असले खेळ शिकवायला खास कुणी बाई येतात, रंगीत चिठ्ठ्या घेऊन. नात मला समजावून सांगते आणि मी काही माहीत नसल्यासारखं ऐकते.

एका दुपारी वहिनी म्हणाल्या, "आज डब्याचं लिव. तुमचा दादा डबा नेते हिंगण्याले. तिथी डबा काय पाहून येते?" मी हिंगणा पाहिलं नव्हतं, वहिनींनीही नाही. मी लिहिलं की बसमध्ये डबा दादाच्या मांडीवर बसतो आणि त्याला खिडकी मिळत नाही. दुपारी भोंगा झाला की सगळे डबे ओळीनं उघडतात, आणि आमचा डबा उघडला की दादा आधी डोळे मिटून पाटवडीचा वास घेतो, मग शेजारच्याला म्हणतो, घे नं गा, माझ्या बायकोनं केली आहे. यातलं मला काहीच माहीत नव्हतं, मी ते सगळं मनानं रचलं होतं. वहिनींनी वाचलं आणि या वेळी त्या हसल्या नाहीत. दादा घरी आला की जेवून झोपायचा, दोघांना एकमेकांशी बोलायला जागा नव्हती आणि वेळही नव्हता. कागद चुलीत टाकायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "चूल इझली वाटते," आणि कागद कमरेला खोचून उठल्या. चूल चांगली धडधडत होती. आपण लिहिलेलं दुसऱ्याला हवंसं वाटतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि मी फार सुखावले, हे सांगायला मला संकोच नाही.

असा श्रावण गेला आणि पोळा आला. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी आणि पिवळी, अशा बांबू-कागदाच्या उंचच उंच बायांच्या मिरवणुका, आणि त्यांच्या मागून मोहल्ल्यामोहल्ल्यांचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. लोक ओरडत असतात, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा रे बडग्या. त्या दिवशी बडग्याच्या गळ्यातल्या पाटीवर कुणालाही काहीही म्हणावं, कुणी मनाला लावून घ्यायचं नाही, कारण संध्याकाळी ते सगळं जळणारच असतं. आमच्या गल्लीचा बडग्या गणपतभाऊ करायचे. ते आमच्यासारखेच विणकर, पण या दिवसांत त्यांचा माग बंद आणि ओट्यावर बांबू, चिंध्या, खळ यांचा पसारा. पाट्यांचा मजकूर लिहून देणारे एक मास्तर होते, त्यांची तेवढ्यात बदली झाली. गणपतभाऊ बाबांपाशी येऊन कुरकुर करत होते, की यंदा नळावर बडग्या केला, डोक्याला तोटी लावली, सगळं झालं, पण लिहील कोण. आणि दाराआडून, बाबांच्या देखत, वहिनींचा आवाज आला.

"आमच्या सुमनले येते."

बाबांनी मागाचा हात थांबवला. गणपतभाऊ म्हणाले, "पोरगी लिवंल बडग्याची पाटी?"

"संध्याकाळी जळणारच हाय नं ते, काकाजी," वहिनी म्हणाल्या. बस, एवढंच. सासऱ्यासमोर त्यांनी त्याआधी इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

बाबांनी पुन्हा दोरी ओढली. गणपतभाऊंनी ते होकारासारखं घेतलं आणि पुठ्ठा, काळा रंग आणि कुंचला मला आणून दिला. मी वहिनींकडे रागानं पाहत होते आणि त्या चुलीवर पुरण घोटत होत्या. पण त्या म्हणाल्या होत्या ते माझ्या डोक्यात बसलं, की संध्याकाळी हे जळणार. मी लिहिलं, "पहाटे उठून रांगा लावा, नळातून येते नुसती हवा, घेऊन जा रे बडग्या!" कुंचल्याला हात बसावा म्हणून पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला आधी मी काहीबाही गिरवून पाहिलं होतं. ते बडग्याच्या पोटाला लागून राहणार, कुणाला दिसणार नाही, म्हणून मनात जे होतं ते लिहिलं होतं. "कांड्यांचा ढीग, निबंधाची भीती, घेऊन जा रे बडग्या!" असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोळ्याला दारात लावलेल्या पळसाच्या फांद्या काढून बायका ओट्यावर आल्या. ताशे वाजत होते, पोरं अंगात आल्यासारखी नाचत होती. चार जणांनी बडग्या उचलला, तर पाटी उलटी बांधलेली. मागच्या बाजूवरची माझी ओळ सगळ्या गल्लीकडे तोंड करून उभी होती. ती चूक गणपतभाऊंच्या घाईची की वहिनींच्या हातची, हे मला आजवर कळलेलं नाही. वहिनींना विचारलं की त्या अजूनही पदर तोंडाला लावतात. पुढे चालणाऱ्या पोरानं पाटी पाहिली आणि गळा फाडून वाचली, "कांड्यांचा ढीग..." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि मग समोरच्या ओट्यावरून एका पोरीनं किंचाळून म्हटलं, "घेऊन जा रे बडग्या!" तिच्यामागून तिच्या बहिणीनं, मग शेजारच्या घरातल्या पोरींनी, मग त्यांच्या आयांनी. गल्लीत कांड्या न भरणारी बाई नव्हती. निबंधाशी कुणालाच देणंघेणं नव्हतं, पण कांड्यांचा ढीग असा काही उचलला त्यांनी, की ताशे ऐकू येईनात. एका सुनेनं आपलं जोडलं, "अन् सासूची कुरकुर!" तिच्या सासूनं लगेच, "अन् सुनेचा आळस!" त्या दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. मी ओट्याच्या खांबाला धरून उभी होते. माझी ओळ लोकांच्या तोंडात होती, ते तिला वाटेल तसं वाकवत होते, आणि कुणीही मला हसत नव्हतं. आनंदानं मला रडू यायला लागलं.

मग बाबा दिसले. ते आमच्याच दारात उभे होते. त्यांना वाचायला यायचं, पण सावकाश, बोटानं ओळ धरून. त्यांनी पाटी वाचली, आणि मग माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. बडग्या चौकाकडे गेला, संध्याकाळी नाईक तलावाकडे जळला, आणि आम्ही दुधात कुस्करून शिळी पुरणपोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मागाचा ठोका नेहमीचा होता. त्यावरून बाबांचं काही कळेना. मी कांड्या मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त भरल्या.

सहामाहीच्या आधी वहिनी पहिलटकरीण म्हणून माहेरी गेल्या. त्या रामटेकच्या एसटीत बसत असताना मी त्यांना विचारलं, आता दुपारी मला कोण विचारणार. त्या म्हणाल्या, "तूच इचारजो नं वं. मले कोण सांगत होतं?" आणि बस सुटली. परीक्षेच्या दिवशी विषय होते तीन. एक विज्ञानाचा, एक आवडत्या नेत्याचा आणि तिसरा सूर्योदय. आमच्या गल्लीत सूर्य घरांवर बराच चढल्याशिवाय दिसत नसे, त्यामुळे सूर्योदय मी पाहिलाच नव्हता. हाताला घाम आला, कागद मनगटाला चिकटला. इथे चूल नव्हती, हा कागद जळणार नव्हता, तो बाईंच्याच हातात जाणार होता. मग मनातल्या मनात विचारलं, आमच्या घरात सूर्योदय आधी कुणाला कळतो? आणि लिहिलं, "आमच्या घरी सूर्योदय सर्वांच्या आधी तव्याला कळतो. तो हसतो." तो शब्द त्याच बाईंसमोर पुन्हा लिहिताना मी पेन घट्ट धरलं होतं. पण पुढचं आपोआप येत गेलं. कुणाला कुणाच्या आधी उजाडतं, नळाला, झाडणीला, बसच्या भोंग्याला, असं सगळं लिहिलं. घंटा झाली तेव्हा मी पुरवणी मागितलेली होती.

पेपर मिळाले तेव्हा बाई माझ्या बाकापाशी थांबल्या. त्यांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली होती, पण शेजारी काही लिहिलं नव्हतं. "तुझ्या घरी तवा अजून हसतो का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मी पास झाले होते, आणि नुसती काठावर नाही. आता माझ्या घरीही गॅस आहे आणि तवा हसत नाही, तेव्हा बाईंना त्या दिवशी खरंच काय वाटलं असेल असा विचार कधीकधी मनात येतो.

शाळेनं फॉर्म दिला. त्यावर बाबांची सही हवी होती. मी तो त्यांच्यापुढे धरला तर ते म्हणाले, "ठेव तिथी," आणि विणत राहिले. तो देवाच्या कोनाड्यात पडून राहिला. शेवटची तारीख जवळ येत होती. आई मध्येच कळमेश्वरचा विषय काढे आणि मी उठून जाई. कुणी नाही म्हणत नव्हतं, कुणी हो म्हणत नव्हतं, आणि मी दिवसभर मागाचा ठोका ऐकत बसे.

अशात रामटेकहून पोस्टकार्ड आलं. वहिनींना मुलगी झाली होती, दोघी खुशाल होत्या. दादाची त्या आठवड्यात डबल ड्यूटी चालू होती. बाबांनी मला हाक मारली, "कार्ड घे. उत्तर लिव." मी मागाशेजारी चटईवर बसले. त्यांनी सांगितलं, "रामटेक मुक्कामी व्याहीबुवांस नमस्कार. इकडे सर्व खुशाल. तिकडील खुशाली कळली. आनंद झाला." मग ते थांबले. मी विचारलं, "अजून?"

"अजून काय," ते म्हणाले. पण त्यांनी दोरीला हात घातला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "नात झाली. सूनबाईले काही लिवा लागंल नं." धोतराच्या सोग्यानं त्यांनी कपाळ पुसलं. कार्डावर मोकळी राहिलेली जागा ते पाहत होते, आणि तो चेहरा मी ओळखला. तो माझाच होता, परीक्षेतला. बाबांची मला आयुष्यात पहिल्यांदा कीव आली, आणि कीव आल्यामुळे धीर आला.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचं राहू द्या. माग काय म्हणते ते लिहू का?"

"कोण?"

"माग. त्याले बोलता आलं असतं तं वहिनीले काय म्हटलं असतं त्यानं?"

मला वाटलं ते चिडतील. आम्ही दोघींनी घरातल्या प्रत्येक वस्तूला बोलतं केलं होतं, पण मागाच्या वाटेला कधी गेलो नव्हतो, तो बाबांचा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागाकडे, आणि ताणलेल्या सुतावरून तळहात फिरवला, जसा ते धागा तुटलाय का पाहायला फिरवत.

"म्हणते का," ते म्हणाले, "दुपारी ठोका बरोबर पडत नाई आता. अंदरून तुमी दोघी हसत होत्या, तं बरं लागे."

मी लिहिलं. त्यांना सगळं ऐकू येत होतं, इतके दिवस. मी मान वर केली नाही.

"अन् म्हणते, नातीले घेऊन लवकर या." ते थांबले. मी तेही लिहिलं. मग त्यांचा आवाज जरा मोठा झाला, मागावरून बोलताना व्हायचा तसा. "अन् म्हणते, कांड्या भराले गणपतच्या बहिणीले सांगून ठेवलं हाय. आमची सुमन आता रिकामी नाई. तिले मॅट्रिकले बसाचं हाय."

कार्डावर जागा उरली नव्हती. मी ते शेवटचं वाक्य कडेनं, बारीक अक्षरात, पत्त्याच्या रेघेपर्यंत नेऊन लिहिलं.

"लिवलं?" बाबांनी विचारलं. "वाच."

मी वाचलं.

"अजून एकदा वाच," ते म्हणाले.